पाव सेकंदाचा फोन: उपग्रह ब्रॉडबँडवरचे संभाषण

उपग्रहावरून आलेल्या ब्रॉडबँड जोडणीवर इंटरनेट फोन चालतो, आणि मांडणी नीट केली तर चांगला चालतो. मात्र फायबरच्या फोनची सर त्याला येत नाही. लोकांना वाटते की जोडणीचा वेग कमी पडत असेल. वेगाचा इथे फारसा संबंध नाही. अडचण आहे ती अंतराची, आणि अंतर पैसे टाकून कमी होत नाही.

हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात. तिथल्या गुरांच्या अफाट कुरणांवर शेजारचे घर कित्येक किलोमीटर दूर असते, मोबाइलला रेंज नसते आणि फायबर टाकणे परवडत नाही. अशा घरांसाठी एनबीएन या सरकारी मालकीच्या कंपनीने २०१५ आणि २०१६ मध्ये ‘स्काय मस्टर’ नावाचे दोन उपग्रह फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून सोडले. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेसहा टन, आणि प्रत्येकातून १०१ अरुंद झोत जमिनीकडे रोखलेले. घराच्या छपरावर डिश, आत मोडेम, मोडेमला राउटर आणि राउटरला फोन, एवढीच ग्राहकाच्या बाजूची सामग्री.

हे उपग्रह भूस्थिर कक्षेत, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहेत. तिथे फेरीला लागणारा वेळ पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याइतकाच असल्याने उपग्रह आकाशात एका जागी स्थिर दिसतो आणि डिश एकदाच रोखली की काम भागते. या सोयीची किंमत विलंबात मोजावी लागते. घरापासून उपग्रह आणि उपग्रहापासून भूकेंद्र हे अंतर मिळून बहात्तर ते पंचाहत्तर हजार किलोमीटर होते. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या रेडिओ लहरींनाही त्यासाठी सुमारे २५० मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद लागतो. बोललेले पोहोचायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव सेकंद.

टेलिफोनला हा विलंब नवा नाही. १९४५ मध्ये आर्थर सी. क्लार्क यांनी भूस्थिर कक्षेतून जगभर प्रक्षेपण करण्याची कल्पना मांडली. १९६५ मध्ये ‘अर्ली बर्ड’ हा व्यापारी उपग्रह अटलांटिकवर स्थिरावला. त्यावर २४० टेलिफोन मार्ग होते. पुणे जिल्ह्यात आर्वी इथे उभारलेल्या, विक्रम साराभाईंचे नाव दिलेल्या भूकेंद्रातून १९७० च्या दशकात परदेशी ट्रंक कॉल जात, तेव्हा बोलणाऱ्यांना याच पाव सेकंदाची सवय करून घ्यावी लागे. पुढे १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली फायबर केबल पडली, आणि खंडाखंडांमधले बोलणे हळूहळू आकाशातून समुद्राखाली गेले. उपग्रहावर राहिले ते केबल न पोहोचलेले लोक.

इंटरनेट फोनमध्ये या पाव सेकंदावर आणखी काय काय चढते, हे एका शब्दाच्या प्रवासावरून कळते. कुरणावरच्या घरातून कुणी ‘हॅलो’ म्हटले की फोन तो आवाज २०-२० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो. तुकडा पुरा भरल्याशिवाय पाकीट बंद होत नाही, म्हणजे पहिले २० मिलिसेकंद इथेच गेले. मग कोडेक त्या तुकड्याचे अंकांत रूपांतर करतो. जी.७११ हा जुना, साधा कोडेक आवाज जवळजवळ न दाबता सेकंदाला ६४ किलोबिटने पाठवतो, जी.७२९ तोच आवाज ८ किलोबिटांत बसवतो. प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक आणि वेळ यांची ४० बाइटांची नोंद लागते. जी.७२९ च्या २० मिलिसेकंदांच्या तुकड्यात आवाज असतो जेमतेम २० बाइट. म्हणजे मालापेक्षा वेष्टन दुप्पट, आणि ८ किलोबिटांचा कॉल प्रत्यक्षात २४ किलोबिट जागा घेतो. त्या हिशेबाने तासभराच्या बोलण्याला दोन्ही दिशा मिळून सुमारे २२ मेगाबाइट लागतात. दरमहा मोजून मिळणाऱ्या डेटातही हा खर्च जाणवत नाही.

बंद झालेले पाकीट राउटरमधून मोडेमकडे येते आणि तिथे पाळीची वाट पाहते. पाळी मिळाली की डिशवरून वर, उपग्रहावरून खाली भूकेंद्रात, तिथून जमिनीवरच्या फायबरने सिडनीला किंवा मेलबर्नला. ऐकणाऱ्याकडे पाकिटे ठरावीक अंतराने पोहोचत नाहीत. काही लवकर येतात, काही उशिरा. म्हणून तिकडचा फोन ती थोडा वेळ साठवून ठेवतो, क्रम लावतो आणि मग एकसारख्या चालीने वाजवतो. या साठवणीला पन्नासएक मिलिसेकंद सहज लागतात. सगळे मिळून ‘हॅलो’ कानावर पडेपर्यंत साडेतीनशे ते चारशे मिलिसेकंद होतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणाऱ्यांना तो सहसा खटकत नाही, आणि जाळ्याची आखणी करताना ४०० ची मर्यादा ओलांडू नये. भूस्थिर उपग्रहावरचा इंटरनेट फोन जन्मतःच त्या मर्यादेच्या काठावर उभा असतो.

विलंबामुळे आवाजाचा दर्जा घटत नाही. समोरच्याचा स्वर, खोकला, हसणे सगळे स्पष्ट येते. बिघडते ती बोलण्याची लय. माणसे समोरच्याचे वाक्य संपता संपता, अगदी क्षणार्धाच्या अंतराने बोलायला लागतात. इथे एकाचे वाक्य संपल्यावर पाऊण सेकंद शांतता येते. तो समजतो की समोरच्याला ऐकू गेले नाही, आणि पुन्हा बोलू लागतो. नेमके त्याच वेळी समोरच्याचे उत्तर येऊन आदळते. दोघेही थांबतात, दोघेही ‘बोला, बोला’ म्हणतात, आणि तेही एकदमच. अनोळखी माणसाशी बोलताना तर ही शांतता नाराजीची किंवा टाळाटाळीची वाटते, आणि हा विलंबाचा सर्वांत अन्यायकारक परिणाम म्हणावा लागेल: दोष कक्षेचा असतो आणि तो माणसाच्या स्वभावावर जातो.

अंतर्भागातल्या जुन्या पिढीला हे फारसे जड गेले नसावे. रेव्हरंड जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये क्लॉनकरी गावातून उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांचा पायाने पॅडल मारून चालणारा रेडिओ संच कुरणांवर पोहोचू लागला. ॲलिस स्प्रिंग्जला १९५१ मध्ये रेडिओवरची शाळा भरू लागली आणि दूरवरची मुले त्यावरून धडे शिकली. रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. आपले बोलणे पुरे झाले की ‘ओव्हर’ म्हणायचे आणि बटण सोडायचे. उपग्रहाच्या फोनवर तीच शिस्त उपयोगी पडते: वाक्य पुरे करायचे, थांबायचे, मध्ये हुंकार भरायचे नाहीत.

विलंबाचा जोडीदार म्हणजे प्रतिध्वनी. समोरचा फोन तांब्याच्या तारेवर असेल तर एक्स्चेंजमध्ये दोन तारांचा मार्ग चार तारांना जोडला जातो तिथून थोडा आवाज उलटा फिरतो. स्पीकरवरून माइकमध्ये शिरणारा आवाजही असाच परततो. जवळच्या कॉलमध्ये तो आपल्या बोलण्यातच मिसळून जातो; उपग्रहावर मात्र तो अर्ध्या सेकंदाहूनही उशिरा येतो, आणि स्वतःचेच शब्द असे कानावर पडू लागले की माणूस अडखळतो. सुरुवातीच्या उपग्रह मार्गांवर यावर उपाय म्हणून एक बाजू बोलत असताना दुसरी बाजू बंद केली जाई, त्यात बोलण्याची पहिली अक्षरे कापली जात. नंतर बेल प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी परतणाऱ्या आवाजाचा अंदाज बांधून तो वजा करणारी पद्धत विकसित केली. आजच्या प्रत्येक फोनमध्ये ती या ना त्या रूपात असते. तरीही उपग्रहाच्या घरात स्पीकरफोनपेक्षा कानाला लावायचा रिसीव्हर किंवा हेडसेट वापरणे केव्हाही श्रेयस्कर.

मोडेमपाशी पाळीची वाट पाहावी लागते, असे वर आले. सगळा खेळ तिथेच ठरतो. एका झोतात शेकडो घरे असतात आणि वर पाठवण्याची वारंवारता सर्वांची मिळून एकच. म्हणून वेळेचे बारीक बारीक भाग पाडून ते वाटले जातात आणि वाटपाचा अधिकार भूकेंद्राकडे असतो. मोडेमने जागा मागायची तर ती मागणी उपग्रहामार्गे खाली जायला पाव सेकंद, आणि मंजुरी परत यायला पाव सेकंद. वेबपान उघडताना हा अर्धा सेकंद खपून जातो. प्रत्येक शब्दाआधी तो लागला तर संभाषण संपलेच. चांगली सेवा यासाठी कॉल सुरू होताच त्या घराला ठरावीक जागा राखून देते, आणि कॉल संपेपर्यंत मोडेमला पुन्हा मागावे लागत नाही. ही राखीव जागा सेवा देणाऱ्याने स्वतः जोडलेल्या फोनलाच सहसा मिळते. व्हॉट्सॲपसारख्या ॲपचा कॉल कूटबद्ध असल्याने जाळ्याला तो बाकीच्या डेटासारखाच दिसतो आणि गर्दीत उभा राहतो. संध्याकाळी सारा झोत व्हिडिओ पाहत असतो, तेव्हा हा फरक चटकन कळतो.

घरातली गर्दीही तितकीच नडते. वर जाणारी वाट खाली येणाऱ्या वाटेपेक्षा बरीच अरुंद असते. स्काय मस्टरच्या मूळ योजनांत खाली २५ मेगाबिट असतील तर वर ५. कुणाच्या मोबाइलचे फोटो त्याच वेळी वर चढू लागले की आवाजाची पाकिटे त्यांच्या मागे अडकतात. हरवलेले पाकीट पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देणे हा त्यावरचा सोपा उपाय, आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

सर्वांत वाईट अवस्था दोन्ही टोके उपग्रहावर असताना होते. शेजारच्या कुरणावर फोन लावला तरी आवाज वर जाऊन भूकेंद्रात उतरतो आणि तिथून पुन्हा वर जाऊन शेजाऱ्याकडे येतो. शेजाऱ्यापर्यंत पोहोचायला दीड लाख किलोमीटर! एका दिशेलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो, आणि गप्पा मारणे जवळजवळ अशक्य होते.

स्काय मस्टर वापरतो त्या केए बँड या रेडिओ वारंवारतेच्या पट्ट्याला पावसाचेही वावडे आहे. उत्तरेकडच्या पावसाळ्यात मोठी सर आली की मोडेम वेग उतरवून तग धरतो, आणि ढग फारच दाट असतील तर काही मिनिटे जोडणी जाते. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास, सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो, तेव्हाही काही दिवस रोज थोडा वेळ व्यत्यय येतो.

पण खरी काळजी विजेची आहे. तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजकडून वीज मिळते. घरात अंधार असला तरी तो वाजतो. डिश, मोडेम, राउटर यांना घरची वीज लागते. वणवा, पूर, वादळ अशा वेळी, म्हणजे फोनची गरज सर्वाधिक असताना, वीजच आधी जाते. त्यामुळे एनबीएनच्या तारांच्या जाळ्याबाहेरील भागांत जुनी तांब्याची लाइन चालू ठेवण्याची जबाबदारी टेलस्ट्रा कंपनीवर कायम ठेवली आहे, आणि त्यासाठीच्या कराराची मुदत २०३२ पर्यंत आहे. खर्चिक असला तरी तो निर्णय योग्यच होता.

आता कक्षाच खाली येत आहे. साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकची सेवा ऑस्ट्रेलियात २०२१ पासून आहे. तिथे आवाज जाऊन यायला अगदी थोडे मिलिसेकंद पुरतात, आणि बोलण्याची लय सहसा बिघडत नाही. इथला उपग्रह स्थिर नसतो. डिशला काही सेकंदांनी नव्या उपग्रहाकडे वळावे लागते आणि त्या बदलात कधी एखादे अक्षर तुटते, इतकेच. २०२५ मध्ये एनबीएननेही स्काय मस्टरची जागा घेण्यासाठी अमेझॉनच्या खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचा करार जाहीर केला. विलंबाचा प्रश्न यातून सुटेल. विजेचा सुटणार नाही. म्हणून उपग्रहावर फोन घेणाऱ्याने, कक्षा कोणतीही असो, मोडेमला बॅटरीची जोड द्यावी, आणि तांब्याची लाइन जिवंत असेल तर ती सोडू नये.