डोलकाठीचे तणावे : विजेच्या खांबापासून अंबाझरीच्या नावेपर्यंत



बल शिकवताना आपण फळ्यावर दोरी काढतो, बाण काढतो आणि शेजारी 'ताण' असं लिहितो. मुलं पाठ करतात, पण ताण त्यांच्या हाताला कधी लागत नाही. तो कसा असतो, हे शिडाच्या छोट्या नावेवर फार चांगलं कळतं. नागपुरात एनसीसीच्या नौदल शाखेचे कॅडेट अंबाझरी तलावावर नाव चालवायला शिकतात. एंटरप्राइज जातीची नाव ही अशीच एक शिकाऊ नाव. लांबी सुमारे चार मीटर, दोघांनी चालवायची, डोलकाठी उतरवून ट्रॉलीवरून कुठंही नेता येते. म्हणजे काठी दरवेळी नव्याने उभी करायची आणि तिचे तणावे नव्याने जुळवायचे.

तणावा तुम्ही रोज बघता. रस्त्याच्या वळणावर विजेच्या खांबाला तिरपी तार जमिनीत रोवलेली असते ना? तिला स्टे म्हणतात. नावेवरही हेच नाव चालतं. डोलकाठीला एक तार पुढे नाळेकडे आणि दोन तारा दोन्ही बाजूंना. मग मागून कोण धरतं? बाजूच्या तारा काठीच्या जरा मागे बांधलेल्या असतात, म्हणून त्या मागेही ओढतात. तीन तारांत चारही दिशा सांभाळल्या जातात.

आता खरी गंमत. समजा तार काठीला चार मीटर उंचीवर बांधली आहे आणि खाली काठीपासून फक्त अर्धा मीटर दूर. तार जवळपास उभीच झाली. तिच्या ओढीचा बहुतेक भाग खालच्या दिशेने जातो, बाजूला फक्त आठवा हिस्सा. म्हणजे वाऱ्याचा १० किलो वजनाइतका आडवा जोर थोपवायला तारेत सुमारे ८० किलोचा ताण हवा. आणि तेवढ्याच जोराने काठी नावेच्या तळावर दाबली जाते! बोटाएवढीही जाड नसलेली तार एवढं काम करते.

म्हणूनच तणावे अंदाजाने कसायचे नसतात. क्रम असा :

१. नाव ट्रॉलीवर सपाट ठेवा. तारांवरून कापडाचा तुकडा फिरवा. कापड अडकलं तर तिथं तारेचा एखादा धागा तुटलाय. ती तार बदलायची. उघडा हात फिरवू नका.

२. काठी डावी-उजवीकडे सरळ आहे का ते मोजा. शीड चढवायच्या दोराला मोजपट्टी बांधून शेंड्यापर्यंत न्या. तिथून दोन्ही काठांवरच्या समान जागांपर्यंतचं अंतर सारखं आलं पाहिजे.

३. काठीचा मागचा कल ठरवा. कल वाढला की शिडाचा जोर मागे सरकतो आणि नाव वाऱ्याकडे तोंड वळवू बघते. मग सुकाणू सतत ओढून धरावं लागतं.

४. शेवटी ताण द्या, दोन्ही बाजूंना सारखा आणि थोडा थोडा. टर्नबकलला किंवा भोकांच्या पट्टीला पिन लावायला विसरू नका.

५. पाण्यात, बेताच्या वाऱ्यात परत बघा. वाऱ्याकडची तार ताठ होते, दुसरी थोडी सैलावते. हे चालतं. पण ती लोंबकळत असेल तर ताण कमी पडला.

"मग कसून टाका ना एकदाचं!" असं मुलं म्हणतीलच. त्यांना वरचा हिशोब आठवू द्या. जास्त कसलं की काठी तळ दाबते, वाकते आणि तारांच्या जागा उखडू लागतात. सैल ठेवलं तर प्रत्येक झोतात काठी हिसके खाते, आणि हिसक्यांनी तार थकते. पोरं नावेत असताना काठी कोसळली तर ती थेट त्यांच्या अंगावर येते.

एक सूचना सगळ्यांत आधी पाळायची. काठी उभी करण्यापूर्वी वर बघा. बहुतेक काठ्या ॲल्युमिनियमच्या असतात. विजेच्या तारांखाली, किंवा तारा जवळ असताना, काठी उभी करू नका आणि उभ्या काठीसकट ट्रॉली ढकलू नका.

वर्गात नाव नसली तरी चालेल. ३२ सेंमी उंचीची काठी मातीच्या गोळ्यावर उभी करा. शेंडा एका दोऱ्याने आडवा ओढा. विरुद्ध बाजूच्या तिरप्या दोऱ्यात तानकाटा अडकवा. दोरा आधी काठीपासून १६ सेंमीवर धरा, मग ४ सेंमीवर. पहिल्या वेळी ताण आडव्या ओढीच्या साधारण सव्वादोन पट येईल, दुसऱ्या वेळी आठ पट. आकडे मुलांनाच वाचू द्या. मग विचारा : विजेच्या खांबाचा स्टे खांबापासून एवढा दूर का रोवतात? आणि नावेवर तसं का करता येत नाही?