नागपूरचे शेजारी, कलकत्त्याची नजर

१७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात कटक गेलं, वऱ्हाड गेलं, एवढंच आपण शाळेत शिकलो. त्याचं दहावं कलम सहसा कुणी वाचत नाही. सेनासाहेब सुभ्यांच्या, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या, काही मांडलिकांशी इंग्रजांनी परस्पर करार केले आहेत, ते नागपूरने मान्य करावेत, असं त्यात म्हटलं आहे. हे मांडलिक कोण, त्याची यादी मात्र गव्हर्नर जनरलने तह मंजूर केल्यावर मिळायची होती. आपली माणसं कोणकोण फुटली हे धड न कळताच दुसऱ्या रघुजी भोसल्यांना तह पत्करावा लागला. मराठ्यांच्या या पूर्वेच्या टोकाकडे कंपनी कशी पाहत होती, ते या कलमात उघड दिसतं.

नागपूरचं शेजारधोरण पहिल्या रघुजींनी घडवलं. देवगडच्या गोंड घराण्यात वारसाहक्काचं भांडण लागलं, तेव्हा ते मदतीला गेले आणि हळूहळू सगळा कारभार हाती घेऊन बसले. राजा गादीवर राहिला तो नावापुरता. चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) नीळकंठशहाकडून १७४९ साली दोन तृतीयांश वसूल लिहून घेतला आणि १७५१ मध्ये राज्यच खालसा करून राजाला बल्लारपूरच्या किल्ल्यात टाकलं. मोहर्लीचं रान याच चांद्याच्या राज्यातलं. मोहर्लीहून ताडोब्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला गोंडकाळातले दगडी खांब ओळीने उभे आहेत. त्यांवरून दोर बांधून, घंटा वाजवून राजाच्या येण्याची वर्दी पुढे पोचवत असत, असं गाईड सांगतात. जिप्सीतल्या लोकांचं लक्ष वाघाकडे असतं, खांब मागे पडतात. मला मात्र तिथे दर वेळी थांबावंसं वाटतं. अशा नांदत्या राज्यांना सोबतीला घ्यायचं सोडून नागपूरने एका राजाला नामधारी केलं आणि दुसऱ्याला कैदी. भोसल्यांची खरी चूक ती होती, असं माझं ठाम मत आहे.

कलकत्त्याला आधी नागपूरची भीतीच वाटे. १७४२ मध्ये तिथे खणलेल्या खंदकाला मराठ्यांचंच नाव पडलं. भीती ओसरली ती वॉरन हेस्टिंग्जच्या काळात. त्याने १७७८ मध्ये नागपूरला वकील पाठवला, एलियट, पण तो वाटेतच वारला. पुढे नाना फडणविसांनी इंग्रजांविरुद्ध पुणे, नागपूर, हैदर आणि निजाम यांची मोट बांधली. बंगालवर जायला निघालेली भोसल्यांची फौज कटकला रेंगाळली, आणि हेस्टिंग्जने पैसे मोजून तिला तिथेच थोपवलं. नागपूर पुण्यापासून सुटं करता येतं, हा धडा कंपनीने तेव्हाच गिरवला. १७९९ मध्ये संस्कृतचा पंडित कोलब्रुक वकील म्हणून नागपूरला आला आणि १८०१ मध्ये रिकाम्या हाताने परतला. दरबार वळत नाही म्हटल्यावर कंपनी दरबाराच्या मांडलिकांकडे वळली. दहावं कलम त्यातून आलं.

देवगावच्या त्याच तहाने नागपूरच्या शेजारचा नकाशाही बदलला: वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाच्या पदरात पडला. चांद्यासमोरच्या काठावरचं राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, चंद्रपूर जिल्ह्यात आलं ते १९५९ साली.

१८१८ मध्ये पेशवे दुसरे बाजीराव चांद्याच्या रोखाने येत होते. कर्नल ॲडम्सने त्यांना एप्रिलमध्ये पांढरकवड्याकडच्या शिवणीला गाठून मोडलं आणि मे महिन्यात चांद्याचा परकोट तोफांनी फोडला. नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले तेव्हा त्यांना आसरा दिला महादेवाच्या डोंगरातल्या गोंडांनी. ज्यांची राज्यं भोसल्यांनी घेतली त्यांचेच हे भाऊबंद! सत्तर वर्षं आधी त्यांना बरोबरीने वागवलं असतं, तर कंपनीला इथे इतक्या सहज फट सापडली नसती.

१८५४ मध्ये नागपूर खालसा झालं, पण शेजाऱ्याकडून शेजारी धरायची इंग्रजांची रीत बदलली नाही. मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाक्यांनी १८५८ मध्ये बंड केलं, तेव्हा अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या मदतीने इंग्रजांनी त्यांना पकडलं आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यांचे साथी, अडपल्लीचे व्यंकटराव, बस्तरात पळाले. १८६० मध्ये त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं ते बस्तरच्याच राजाने. त्याच वर्षी गोदावरीकाठचा सिरोंचाचा पट्टाही इंग्रजांनी निजामाकडून घेतला.