ट्रॅक्टर घेताय? मग आधी शिवणाची टेप शोधा

मैत्रिणींनो, या पानावर ट्रॅक्टरचं नाव वाचून तुम्ही क्षणभर थबकाल. कुकर, शिलाई मशीन, फार तर स्कूटर इथपर्यंत ठीक आहे. पण नारायण पेठेत जिना चढून दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईचा ट्रॅक्टरशी काय संबंध? मलाही असंच वाटायचं. पण आपल्यापैकी किती जणींच्या घरची गावाकडे दोन-चार एकर जमीन आहे, हे जरा आठवून पाहा. कसणारे दीर किंवा सासरे तिकडे आणि नोकरीचा पगार इकडे, अशी वाटणी झालेली असते. मोठा खर्च निघाला की शेताचा प्रश्न एसटीत बसून थेट आपल्या स्वयंपाकघरात येतो.

आमच्याकडे तो असाच आला. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आमची चार एकर द्राक्षबाग आहे. धाकटे भाऊजी ती बघतात. आमचे हे निवृत्त झाले, हातात थोडा पैसा आला आणि महिन्याभरात भाऊजी कोटेशन घेऊन हजर! “वहिनी, पन्नास एचपीचा घेतोय. एकदाच घ्यायचा तर दणकट घ्यावा.” सोबत बँकेचा फॉर्म होता, आणि सहकर्जदार म्हणून त्यावर माझीही सही हवी होती.

चहा टाकता टाकता मी सहज विचारलं, “भाऊजी, पण हा ओळीत शिरेल ना?”

भाऊजी हसले, आणि मग हसता हसता गप्प झाले.

पुढच्या रविवारी मी पिशवीत शिवणाची टेप टाकून गावी गेले. ही टेप साठ इंचांची, म्हणजे पाच फुटांची; ती दोनदा लावावी लागली. बागेची लागवड नऊ बाय पाचची, म्हणजे दोन ओळींत नऊ फूट. कागदावर ऐसपैस वाटतं. पण वेलाचे बोद, ठिबकच्या नळ्या, खांब आणि पसरलेल्या काड्या वजा केल्या, तर जाण्यायेण्याला काही ठिकाणी साडेसहा फूटच उरत होते. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर स्वतःच जवळजवळ सहा फूट रुंद! बागेतल्या कामासाठी जे छोटे ट्रॅक्टर निघतात ते साधारण तीन ते चार फुटांत बसतात. हे झालं रुंदीचं. उंचीही मोजा बरं का. मंडपाखाली स्टिअरिंग, चालकाचं डोकं आणि धुराड्याची नळी, तिन्ही बसायला हवीत. नळी वर उभी असेल तर ती गरम धूर थेट पानांवर सोडते; बागेच्या ट्रॅक्टरला ती खाली किंवा आडवी असलेली बरी.

आणि एक जागा हमखास विसरली जाते, ती म्हणजे ओळीच्या टोकाची वळणाची जागा. तिथे मंडपाच्या ताणाच्या तारा जमिनीत गाडलेल्या असतात. ट्रॅक्टर एकटा वळेल, पण मागे अवजार लावून वळेल का? आमच्याकडे एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा बांध. तिथे मी दोन्ही बाजूंना टेप लावली तेव्हा जाऊबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. पण आकडे वहीत त्यांनीच लिहून घेतले.

वाण्याच्या यादीच्या त्याच वहीत आम्ही दोघींनी मग बागेची वर्षभराची कामं लिहिली. नांगरट वर्षातून एकदा, फार तर दोनदा. ओळीतली मशागत आणि तण, अधूनमधून. शेणखत वाहणं, काढणीला माल रस्त्यापर्यंत आणणं. आणि फवारणी! एप्रिलच्या खरड छाटणीनंतरही ती असते, पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तिला अंत नाही. अवकाळी पाऊस पडून गेला किंवा दाट धुकं आलं की डाऊनीच्या भीतीनं तासा-तासाचा हिशेब असतो. त्या वेळी गावातला प्रत्येक भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाच्या तरी बागेत असतो.

इथे आमचा निर्णय अर्धा झाला. जे काम थांबू शकतं त्याला भाड्याचा ट्रॅक्टर चालतो. जे थांबू शकत नाही, त्यासाठी घरचा हवा. नांगरटीला मोठा ट्रॅक्टर दोन दिवस भाड्यानं आणावा आणि घरचा घ्यावा तो फवारणीसाठी. मोठा ट्रॅक्टर वाईट म्हणून नाही हो! उसाला, ट्रॉलीच्या वाहतुकीला तोच लागतो. पण आमच्या बागेत तो दाराशी उभा राहून हप्ते खाणारा पाहुणा झाला असता.

मग अवजारं. खरं तर ट्रॅक्टर म्हणजे निव्वळ ताकद; काम करतं ते मागचं अवजार. म्हणून दुकानात आधी ट्रॅक्टर बघू नका, आधी अवजार बघा. एचपीचा आकडा असतो तो इंजिनाचा. अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, म्हणजे पीटीओला, त्याहून कमी ताकद मिळते. विक्रेत्याला सरळ विचारा, “पीटीओला किती एचपी?” आणि ब्लोअर बनवणाऱ्याला विचारा, “याला पीटीओला किती लागतात?” दोन आकडे जुळले की पुढचं बोलणं.

दुसरा हिशेब वजनाचा. हा आपल्याला चांगला जमतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सहाशे लिटरची टाकी भरली की सहाशे किलो झाले. वर पंखा, पंप, सांगाडा यांचं वजन वेगळं. छोट्या ट्रॅक्टरांची मागची उचल साधारण साडेसातशे किलोच्या आसपास असते. म्हणजे एवढी टाकी मागे टांगली तर चढावर पुढची चाकं हलकी होऊन वर येऊ पाहणार. उपाय दोनच : लहान टाकीचा ब्लोअर घ्या, नाहीतर स्वतःच्या चाकांवर मागून ओढत येणारा घ्या. ओढायचा असेल तर मात्र वळणाची जागा पुन्हा मोजायला हवी! रोटाव्हेटरही ओळीत मावेल एवढाच, आणि निदान ट्रॅक्टरच्या चाकांचा माग पुसून टाकेल एवढा रुंद असावा.

हा हिशेब काही आपल्याकडचाच नाही. माझी भाची अमेरिकेत मिनेसोटात असते. तिथे गावाबाहेर मोठ्या जागेत राहणारे लोक हेच छोटे ट्रॅक्टर ठेवतात, पण कशासाठी? घरापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवरचा बर्फ काढायला! आपल्या महिंद्रचे ट्रॅक्टरही तिथे १९९४ पासून विकले जातात. तिथेही पहिला प्रश्न एचपीचा नसतोच. बर्फ बाजूला ढकलायचा की उडवून लांब टाकायचा? ढकलायला पातं पुरतं, पण बाजूला ढीग करायला जागा हवी. जागा नसेल तर बर्फ उडवणारं यंत्र. ते मागे जोडलं तर ताशी तास मान मागे वळवून ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो. पुढे जोडलं तर महाग पडतं. शिवाय चाकांना साखळ्या आणि मागे वजन लागतंच. भाची फोनवर हे सांगत होती आणि मला आमची द्राक्षाची ओळ दिसत होती.

बाजारात गेलात की महिंद्रचा युवराज आणि जिवो, कुबोटाचा निओस्टार, स्वराजचा ७१७ अशी नावं कानावर पडतील. मी कुणाची वकिली करणार नाही. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथे एका दिवसात पुष्कळ बघून होतं. द्राक्षबागेचंच विचारायचं तर मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आहे. पण प्रात्यक्षिक मात्र आपल्याच बागेत मागा, तेही टाकी पाण्यानं भरून. एका विक्रेत्यानं आम्हाला रिकामी टाकी लावून झोकात फेरी मारून दाखवली. टाकी भरा म्हटल्यावर त्यांना एकाएकी दुसरीकडे जायचं होतं! आणि सर्व्हिसला माणूस किती लांबून येणार तेही विचारा. ऐन छाटणीनंतर चार दिवस बंद पडलेला ट्रॅक्टर काय कामाचा?

आता जे सांगते ते कृपा करून घरी सगळ्यांना वाचून दाखवा. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याचा घेर दहा इंच धरला तरी एका सेकंदात साडेसात फूट कापड तो गुंडाळतो. आपली पाचवारी साडी तीन सेकंदांत संपते, आणि साडीच्या आत बाई असते. पदर, ओढणी, सुटी वेणी, काहीही पुरतं. त्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण ‘मध्ये मध्ये येतं’ म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून फेकतात; ते काढू देऊ नका. ब्लोअरजवळ जायचं तर आधी इंजिन बंद करून किल्ली काढायची. मडगार्डवर मुलांना बसवणं एकदम बंद. उलटला तर चालकाला वाचवणारी मागची कमान मंडपाखाली दुमडता येणारी मिळते. बागेतून बाहेर पडल्यावर ती उभी करून पट्टा लावायचा, हे भाऊजींकडून मी अक्षरशः वदवून घेतलं.

राहिला पैसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. भाऊजींचं कोटेशन त्याआधीचं होतं, नवं मागवलं. बँक ट्रॅक्टर तारण घेतेच, पण काही वेळा जमिनीवरही बोजा चढवते आणि तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दिसतो. सही करण्याआधी हे विचारलंच पाहिजे. हप्ता महिन्याचा न घेता द्राक्षाचा पैसा येतो त्या वेळेला बांधून घेता येतो.

सरकारी अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमती आल्याशिवाय खरेदी करायची नसते. आधी घेतला तर अनुदान गेलं. या योजनेत महिला शेतकऱ्यांना इतरांपेक्षा जास्त टक्के मिळतात. पण महिला शेतकरी म्हणजे कोण? जिचं नाव सातबाऱ्यावर आहे ती! पंचवीस वर्षं बागेत राबणाऱ्या आमच्या जाऊबाईंचं नाव तिथे नव्हतं. आमचं कुणाचं कधी लक्षच गेलं नव्हतं, माझंसुद्धा.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं. पुढे १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करून देण्याची चळवळ उभी राहिली. त्याच नावानं, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सरकारी सोय आहे. अर्ज तलाठ्यांकडे द्यायचा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. भाऊजींना मी म्हटलं, “अनुदान जास्त मिळेल.” खरं कारण तेवढंच नव्हतं, आणि ते त्यांनाही कळलं असावं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला, “ताई, आधार कार्डाची झेरॉक्स मागितलीय ह्यांनी.”

फेरफार व्हायला दिवस गेले, पूर्वसंमतीला आणखी गेले, आणि गेला हंगाम आम्ही भाड्याच्या ब्लोअरवरच काढला. आता चोवीस एचपीचा, चारी चाकांना ताकद असलेला छोटा ट्रॅक्टर आला आहे. मागून ओढायचा ब्लोअर आणि चार फुटी रोटाव्हेटर. यांच्या फंडातले ठरले होते त्याच्या निम्म्यानंही कमी पैसे गेले. आरसी बुकावर नाव जाऊबाईंचं आहे. क्लच त्यांना थोडा जड जातो म्हणतात, पण विहिरीकडचं वळण त्या भाऊजींपेक्षा सफाईनं घेतात.