सुटा सेल विकत घेताना : व्हेपिंगच्या बॅटऱ्या, त्यांचे चार्जर आणि आपली जबाबदारी

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की व्हेपिंगला तर भारतात बंदी आहे, मग हे व्याख्यान कोणासाठी? प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

२०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा इथे बसलेल्यांना मी काही विकत घ्यायला सांगत नाही. निकोटिनचं व्यसन लागतं, हेही वेगळं सांगायला नको. पण आपली व्याख्यानं ब्रिटनमधले, अमेरिकेतले मराठी लोकही ऐकतात. तिथे प्रौढांसाठी हे कायदेशीर आहे. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली, त्यामुळे रिचार्ज होणारी उपकरणं वापरणं ओघानंच आलं. त्यातल्या अनेकांमध्ये बॅटरी आतच बसवलेली असते, पण काही उपकरणांत सुटा सेल घालावा लागतो. आणि तोच सेल आपल्याकडच्या टॉर्चमध्ये, पॉवर बँकमध्ये, ड्रिल मशीनमध्ये असतो. म्हणून विषय सगळ्यांचाच आहे.

या सेलला म्हणतात १८६५०. नाव विचित्र वाटतं, पण ते माप आहे. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार नळीसारखा गोल. त्याचा मोठा भाऊ २१७००, म्हणजे २१ बाय ७०. लिथियम-आयन सेल बाजारात आणला सोनी कंपनीने, १९९१ साली. या तंत्रामागच्या तीन शास्त्रज्ञांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टेस्लाच्या पहिल्या गाडीत, रोडस्टरमध्ये, असे ६,८३१ सेल होते. म्हणजे वस्तू काही वाईट नाही. उलट फार चांगली आहे. मग ती खिशात पेटते कशी?

लॅपटॉपच्या बॅटरीत सेल असतात, तेव्हा त्यांच्यासोबत एक छोटं सर्किट असतं. व्होल्टेज जास्त चढलं तर चार्जिंग तोडायचं, फार उतरलं तर वापर तोडायचा, शॉर्ट झालं तर प्रवाह बंद करायचा, ही त्याची कामं. राखणदारच म्हणा ना! वर प्लास्टिकची पेटी, त्यामुळे सेलच्या टोकांना कोणाचा हात लागत नाही. हे सगळं इंजिनिअरने आधी ठरवून ठेवलेलं असतं. तुम्ही सेल सुटा विकत घेतलात, की हे ठरवणारा कोणी उरत नाही. ती कामं तुमच्याकडे येतात. आज मी जे जे सांगणार आहे, ते सगळं या एका वाक्यात बसतं.

हे माझं एकट्याचं मत नाही. सॅमसंग, एलजी यांसारख्या कंपन्या स्वतःच सांगतात, की आमचे सेल कंपन्यांनी बॅटरी पॅक बनवण्यासाठी आहेत, ग्राहकाने सुटे घेऊन व्हेपमध्ये घालण्यासाठी नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका, वापरू नका, असा इशारा दिला. म्हणून माझा पहिला सल्ला हाच : शक्य असेल तर आतच बॅटरी असलेलं, तपासणी झालेलं उपकरण घ्या. व्हेपच्या विद्युत भागासाठी यूएल ८१३९ नावाचं मानक आहे, ते पाळलंय का ते बघा. ज्यांच्याकडे सुट्या सेलचं उपकरण आहेच, त्यांनी पुढचं नीट ऐकावं.

आधी धोका कुठे असतो ते बघू. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळात ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना त्यांना सापडल्या. १३३ जण जखमी, त्यातले ३८ गंभीर. तोपर्यंत मृत्यू नव्हता, पण नंतर २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये एकेक माणूस गेला. आता या १९५ ची फोड ऐका. वापरताना ६०, चार्ज करताना ४८, आणि उपकरण किंवा जादा सेल नुसता खिशात असताना ६१! म्हणजे काहीच न करता चालत असलेल्या माणसाचे आकडे सगळ्यात जास्त.

असं का? सेलची रचना बघा. वरचं बटण म्हणजे धन टोक. ऋण टोक कुठे? आपण म्हणतो, खाली. पण बाजूचा सगळा धातूचा डबा ऋणच आहे, अगदी वरच्या बटणाच्या कडेपर्यंत. धन आणि ऋण यांच्यात अंतर फक्त काही मिलिमीटरचं. मध्ये एक पातळ चकती आणि वरून प्लास्टिकचं आवरण, बास. ते आवरण फाटलं, किंवा खिशात किल्ल्या आणि नाणी टेकली, की शॉर्ट. आतून प्रचंड प्रवाह वाहतो, सेल तापतो. धन आणि ऋण थरांमधला पडदा प्लास्टिकचा असतो, तो साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. मग थर आतूनच एकमेकांना भिडतात, आणखी उष्णता, त्यातला द्रव ज्वालाग्राही. एकदा ही साखळी सुरू झाली, की खिशात हात घालायलाही वेळ मिळत नाही.

यावर उपाय काय? सेलसाठी मिळणारी प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची डबी. किंमत अगदी किरकोळ. सामानातली ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आवरणाला चीर दिसली तर नवं आवरण चढवून मिळतं, पण खालचा डबा चेपला असेल, गंज असेल, द्रव झिरपत असेल, तर सेल बाद.

टाकी आणि नळ

आता निवड. दुकानात गेलं की आपण काय वाचतो? एमएएच. आकडा मोठा तेवढा सेल चांगला, असं आपलं गणित. इथेच घोळ होतो. घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. एमएएच म्हणजे टाकी किती मोठी. पण नळातून एका वेळी किती पाणी सुरक्षितपणे येईल, ते सांगतो दुसरा आकडा, अँपिअर. व्हेपमध्ये तारेचं वेटोळं क्षणात तापवायचं असतं, म्हणजे थोडा वेळ पण भरपूर प्रवाह. तिथे नळ महत्त्वाचा. आणि एकाच मापाच्या सेलमध्ये टाकी मोठी केली, की नळ सहसा बारीक होतो.

उदाहरण घ्या. सॅमसंगचा २५आर : २,५०० एमएएच, सतत २० अँपिअर. एलजीचा एमजे१ : ३,५०० एमएएच, पण सतत १० अँपिअर. दोन्ही अस्सल, दोन्ही चांगले. आता शाळेतला ओहमचा नियम आठवा. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट. वेटोळ्याचा रोध ०.२५ ओहम असेल, तर ४.२ भागिले ०.२५ म्हणजे १६.८ अँपिअर. २५आर हे पेलतो. एमजे१ ला ते झेपणार नाही, तो तापेल. मोठा आकडा बघून घेतलेला, जास्त 'ताकदीचा' सेलच इथे धोक्याचा ठरतो.

हे गणित इलेक्ट्रॉनिक सर्किट नसलेल्या उपकरणांचं, ज्यांना 'मेकॅनिकल मॉड' म्हणतात. त्यात फक्त बटण, सेल आणि तार. राखणदार शून्य. माझं स्पष्ट मत आहे, की ज्याला हे गणित झोपेतही येत नाही त्याने त्याला हात लावू नये. आणि ज्याला येतं, त्यालाही त्याची गरज नाही.

सर्किट असलेल्या उपकरणात हिशोब वेगळा. तिथे वॅट ठरवतात. समजा ८० वॅट, एकच सेल. सेल उतरत आला की व्होल्टेज ३.२ होतं. ८० भागिले ३.२ म्हणजे २५ अँपिअर, आणि सर्किटमध्ये साधारण दहा टक्के वाया जातात असं धरलं तर जवळजवळ २८. गंमत बघा, व्होल्टेज उतरलं की प्रवाह वाढतो. त्यामुळे हिशोब भरलेल्या सेलवर नाही, उतरलेल्या सेलवर करायचा. तेच दोन सेलचं उपकरण असेल तर प्रत्येकावर निम्मा भार, साधारण १४ अँपिअर. एवढ्यात २५आर सारखा सेल निवांत चालतो.

आणि अँपिअरचा आकडा वाचताना एक शब्द शोधा : 'सतत'. काही वेष्टनांवर मोठ्या अक्षरात ३५, ४० असे आकडे असतात. ते बहुतेक क्षणभराच्या झटक्याचे असतात. आपल्याला हवा तो सतत पेलण्याचा आकडा, आणि तोही सेल बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या माहितीपत्रकातला.

मूळ कंपनी का म्हणतो? कारण सेल बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या थोड्या : सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, आणि मुराता, जिने २०१७ साली सोनीचा बॅटरी व्यवसाय घेतला. बाकी अनेक नावं ही नुसती आवरणं. कोणाचा तरी सेल आणायचा, वर आपलं रंगीत वेष्टन चढवायचं, आकडा फुगवायचा. १८६५० सेलवर ५,००० किंवा ९,९०० एमएएच लिहिलेलं दिसलं, तर तिथेच खाली ठेवा. या मापाचे नामांकित सेल ३,५०० च्या आसपास थांबतात. घरी करायची एक सोपी परीक्षा सांगतो : स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. अस्सल सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तिशीत भरला तर आत काय आहे ते देव जाणे. मात्र वजन बरोबर भरलं म्हणजे सेल अस्सलच, असं उलट समजू नका.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत टॉर्चसाठी सेल घेताना हेच नियम. भारतात अशा सेलना आयएस १६०४६ हे मानक आणि बीआयएसची नोंदणी लागते. तो शिक्का बघा, पक्कं बिल मागा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्त मिळतात, पण त्यांचं आयुष्य कसं गेलं हे कोणालाच माहीत नसतं.

चार्जर आणि जोड्या

चार्जरचं काम एकच : ४.२ व्होल्टला थांबणं. स्वस्तातला चार्जर नेमका तिथेच चुकतो. प्रत्येक खाचेसाठी वेगळं सर्किट असलेला, सेल उलटा घातला तर सुरूच न होणारा, चांगल्या नावाचा चार्जर घ्या. २,५०० एमएएचच्या सेलला १ अँपिअरने साधारण तीन तास लागतात. लागू द्या. गादीवर, उशीखाली, रात्रभर किंवा घराला कुलूप लावून चार्जिंग करू नका. फरशीवर किंवा ओट्यावर, डोळ्यांसमोर करा.

उपकरणात दोन सेल लागत असतील तर ती जोडी एकाच वेळी, एकाच प्रकारची, नवी घ्यायची. दोघांवर तेलपेनाने खूण करा. बरोबर वापरायचे, बरोबर चार्ज करायचे, एक गेला तर दुसराही बाजूला. नवा आणि जुना एकत्र जुंपला, तर कमकुवत सेल मर्यादेपलीकडे उतरतो. बैलजोडी जुंपताना शेतकरी जे बघतो, तेच.

आता काही प्रश्न आले आहेत, ते घेतो.

*प्रश्न : राखणदार सर्किट असलेला सेलच घेतला तर?*
टॉर्चसाठी उत्तम, जरूर घ्या. तो दोन-चार मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे मावेल ना ते बघा. व्हेपमध्ये मात्र प्रवाह जास्त लागतो, तिथे ते सर्किट बहुधा मध्येच तोडतं.

*प्रश्न : विमानात?*
जादा सेल आणि पॉवर बँक केबिनमधल्या पिशवीत, टोकं झाकून. खाली जाणाऱ्या बॅगेत अजिबात नाही. कारण साधं आहे : वर पेटलं तर विझवणारं कोणीतरी असतं. आणि भारतात येत असाल तर व्हेप आणूच नका, आयातही बंद आहे.

*प्रश्न : पेटलंच तर?*
आधी अंगापासून दूर, कपडे पेटले तर ते काढा. माणसं बाजूला करा, धूर विषारी असतो. छोट्या लिथियम-आयन सेलवर भरपूर पाणी चालतं, ते थंड करतं. भाजलं असेल तर दवाखान्यात 'लिथियम बॅटरीने भाजलंय' असं आवर्जून सांगा, कारण रसायनाचीही इजा असू शकते.

*प्रश्न : जुने सेल कुठे टाकायचे?*
कचऱ्याच्या डब्यात नको. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

वेळ संपत आली. घरी गेल्यावर एक करा. ड्रॉवरमध्ये टॉर्चचे, जुन्या पॉवर बँकचे सेल किल्ल्या आणि खिळ्यांच्या सोबतीला पडले असतील, ते आजच वेगळे काढून डबीत ठेवा.