सौर कळफलक आणि खोलीतला उजेड

सौर ऊर्जेवर चालणारा बिनतारी कळफलक नावामुळेच अनेकांची दिशाभूल करतो. 'सौर' म्हटले की गच्चीवरचे निळे फलक आणि माथ्यावरचे ऊन डोळ्यांपुढे येते. हा कळफलक मात्र घरात, कचेरीत वापरायचा असतो आणि ट्यूबलाइटच्या उजेडावरही त्याचे भागते. लॉजिटेक कंपनीने 'के ७५०' हा असा कळफलक नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आणला. एकदा पूर्ण भारित झाला की संपूर्ण अंधारातही तो तीन महिने चालतो, असा कंपनीचा दावा होता. रात्रपाळीत बातम्या टंकणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचून हायसे वाटावे.

दावा ऐकायला अद्भुत वाटतो. त्यामागचा हिशेब मात्र साधा आहे. भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. नीट उजेडाच्या कचेरीतील टेबलावर ती तीनशे ते पाचशे लक्स आणि घरातील दिवाणखान्यात शंभर-दोनशे लक्सच्या आसपास असते. म्हणजे खोलीतला उजेड उन्हाच्या कित्येक शेपटीने क्षीण. एवढ्या उजेडात तळहाताएवढ्या सौरपट्टीतून जेमतेम एक मिलिवॅट वीज मिळते. तरीही कळफलक चालतो, कारण त्याची भूक त्याहून लहान असते. कळ दाबली की आतील चिप क्षणभर जागी होते, संगणकाला संदेश पाठवते आणि पुन्हा झोपी जाते. मराठी टंकणाऱ्याच्या कळा थोड्या जास्त पडतात. इन्स्क्रिप्टमध्ये 'स्त' लिहायला स, हलन्त आणि त अशा तीन कळा लागतात. पण कळफलक दिवसाचा बहुतेक वेळ झोपेतच असल्याने हा जादा खर्च सहज भरून निघतो.

खरा प्रश्न हा की, तुमच्या टेबलावर उजेड किती पडतो? सुरत शहर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आधीची पिढी यंत्रमागावर उभी राहिली. पुढच्या पिढीतील कित्येकजण आज संगणकापुढे बसून जीएसटीची बिले करतात. याच शहरात हिऱ्यांची पारख करणाऱ्याच्या टेबलावर दिवा अगदी जवळ, लख्ख असतो. तेथे असा कळफलक वर्षानुवर्षे तक्रार करणार नाही. रिंग रोडवरील कापड बाजाराच्या पोटातील गाळ्यात मात्र ऊन कधी शिरत नाही, छताजवळच्या एकाच ट्यूबवर दिवस निघतो आणि साड्यांचे गठ्ठे तो उजेडही अडवतात.

त्यात सौरपट्टी असते कळफलकाच्या वरच्या कडेला, म्हणजे माणूस पावती-पुस्तक, पेन, चहाचा कप किंवा कापडाचा नमुना ठेवतो नेमकी तिथेच. पट्टीतील घट साखळीसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली तरी सगळ्या साखळीचा प्रवाह आटतो. मागांच्या शहरात हवेत कापसाचा तंतू असतो; त्याचा थर रोज दिसत नाही, पण साचतो. आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने पट्टी पुसावी, एवढे पुरते. 'के ७५०' वर उजेड पुरेसा आहे की नाही हे दाखवणारी कळच आहे. तिचा हिरवा दिवा लागत नसेल तर टेबल हलवावे.

काहीजण उपाय म्हणून कळफलक खिडकीतल्या उन्हात ठेवतात. पावसाळी मळभात थोडा वेळ ठेवला तर हरकत नाही. वैशाखातल्या उन्हात मात्र, सुरतेत असो वा गोव्यात, तापलेल्या काचेमागे किंवा बंद मोटारीत तो ठेवू नये. उष्णतेने आतील लिथियम घट लवकर म्हातारा होतो.

या कळफलकाचे आयुष्य सौरपट्टीवर अवलंबून नसते, ते या बटणाएवढ्या घटावर असते. सौरपट्टी दशकभर टिकेल. घट काही वर्षांनी धारणा गमावतो. 'के ७५०' मध्ये तो 'एमएल २०३२' जातीचा, म्हणजे पुन्हा भारित होणारा असतो. दुकानात सहज मिळतो तो 'सीआर २०३२'. दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दिसायला जुळे भाऊ. म्हणून दुकानदार निःशंकपणे दुसरा हातावर ठेवतो. तो घेऊ नये. 'सीआर' घट एकदाच वापरायचा असतो. सौरपट्टी त्यात वीज भरू लागली तर तो फुगू शकतो, गळू शकतो, फुटूही शकतो. घटावरची अक्षरे भिंगाने का होईना, वाचूनच पैसे द्यावेत. काही कळफलकांत घटाचा कप्पा बाहेर सरकतो, काहींत घट डाखलेला असतो. विकत घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच, किमतीचा त्यानंतर.

जुना घट कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. बॅटऱ्यांच्या कचऱ्याबाबत देशात २०२२ पासून नवे नियम लागू आहेत आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. घरात लहान मूल असेल तर असा सुटा घट क्षणभरही टेबलावर राहू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिका काही तासांतच भाजून निघते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.