सर्पदंश आणि मांत्रिकाचे यश

साप चावल्यावर आजही अनेक खेड्यांत रुग्णाला प्रथम मांत्रिकाकडे नेले जाते. हे निव्वळ अज्ञान आहे, असे म्हणणे सोपे आहे; परंतु त्याने एकही जीव वाचत नाही. त्यामागील कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण अनुभवाचे. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. माणसाला मुख्य धोका नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचा. आणि त्यांच्याही प्रत्येक दंशात विष शरीरात जातेच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेले बरेच जण सुखरूप परततात. मुळात विष भिनलेलेच नसते. श्रेय मात्र मंत्राला मिळते. जो दगावतो, त्याची ‘वेळ भरली होती’ असे म्हटले जाते. यश मंत्राचे आणि अपयश नशिबाचे, अशा हिशेबात मंत्र कधीच खोटा ठरत नाही.

दुसरे कारण जवळिकीचे. मांत्रिक हाकेच्या अंतरावर असतो, अपरात्री दार उघडतो, आपल्या बोलीत धीर देतो. रुग्णालय दूर असते, खर्चाची धास्ती असते आणि तेथे कधी झालेली हेटाळणी गरीब माणूस विसरत नाही.

परंतु विष थांबत नाही. मण्यारीचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. काही तासांत पापण्या जड होतात व श्वास मंदावतो. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. यावर एकच खरे औषध आहे, ते म्हणजे प्रतिविष. सर्पदंशावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे.

तथापि कायदा मध्यरात्री दाराशी येत नाही. शिकलेला शेजारी येऊ शकतो. आपले माजी विद्यार्थी आज गावोगावी आहेत. त्यांनी रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये. जखम कापू, चोखू वा आवळून बांधू देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि स्वतः सोबत जावे. मांत्रिकाजवळ असलेला आपलेपणा आणि रुग्णालयातील औषध यांची सांगड अशा सोबतीनेच पडेल.