लेखांक ७ : न जुळणारं रक्त

गेल्या लेखात आपण व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांच्यापाशी थांबलो होतो. १९०१ मध्ये त्यांनी माणसाच्या रक्ताचे गट दाखवून दिले, १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि तोवर रक्तगटाची तपासणी दवाखान्यांतलं रोजचं काम होऊन बसली होती. रोजच्या कामात एक धोका असतो. उत्तर आधीच ठाऊक आहे असं वाटू लागतं : गट चार, त्यांतला कुठला तरी एक निघणारच. आज मुंबईत, परळला येऊ. ३ मे १९५२ च्या 'लॅन्सेट'मध्ये केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सहकाऱ्यांसह एक छोटा निबंध छापला. त्यात वर्णन केलेलं रक्त या चार गटांत कुठेच बसत नव्हतं. पुढे त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव पडलं आणि शहराचं नाव बदललं तरी ते टिकलं. ही गोष्ट बहुधा दुर्मीळ रक्ताची नवलकथा म्हणून सांगितली जाते. मला ती तपासणीच्या एका शिस्तीची गोष्ट वाटते. रक्त दोन बाजूंनी तपासायचं, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर सोयीचं उत्तर उचलून मोकळं व्हायचं नाही, ही ती शिस्त. डॉ. भाटियांच्या पुढच्या कामाकडेही मी त्याच नजरेने पाहतो.

रक्तपेढीच्या टेबलावर काय घडतं ते जवळून पाहू. नमुन्याची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर सीरम राहतं. पहिल्या तपासणीत पेशींवर अँटी-ए आणि अँटी-बी ही अनुक्रमे ए आणि बी पेशींना गोळा करणारी द्रावणं टाकतात. दोन्हीकडे पेशी मोकळ्याच राहिल्या तर गट ओ. इथेच थांबणारी प्रयोगशाळा बॉम्बे गटाच्या माणसालाही ओ लिहून मोकळी होईल, कारण त्याच्याही पेशी दोन्हीकडे मोकळ्या राहतात. दुसरी तपासणी उलट दिशेने होते. रुग्णाचं सीरम घेऊन ते गट माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर घालतात. ओ गटाच्या माणसाचं सीरम ओ पेशींना काही करत नाही. बॉम्बे गटाचं सीरम मात्र त्यांनाही गोळा करतं. नळी हलवून पाहिली तरी तळाची लाल गुठळी विरघळत नाही. आता तंत्रज्ञापुढे दोन निकाल आहेत आणि ते एकमेकांशी भांडत आहेत. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, ओ पेशी जुन्या झाल्या असतील, थंडाव्यात सगळ्याच पेशींना चिकटणारे प्रतिपिंड (अँटीबॉडी) असतील. या शंका रास्तच आहेत, आणि म्हणूनच त्या एकेक करून तपासाव्या लागतात : नवा नमुना, ताज्या पेशी, ३७ अंशांवर पुन्हा चाचणी, आणि रुग्णाचं सीरम त्याच्या स्वतःच्या पेशींवर. स्वतःच्या पेशी मोकळ्या आणि ए, बी, ओ तिन्ही गटांच्या गोळा, असं दिसलं की 'काहीतरी चुकलं असेल' हे म्हणायला जागा उरत नाही.

हे असं का होतं? ए आणि बी हे पेशीवरचे वरचे मजले आहेत असं समजा. ते ज्या जोत्यावर उभे राहतात त्याला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसाकडे मजला नसतो, पण जोतं असतंच. बॉम्बे गटात जोतंच घातलेलं नसतं, त्यामुळे ए किंवा बीचं जनुक असूनही मजला चढत नाही. अशा माणसाच्या शरीराला एच परकं वाटतं आणि त्याविरुद्ध जहाल प्रतिपिंड तयार असतात. 'सर्वांना चालणारं' ओ रक्त त्याला दिलं तर त्या पेशी शरीरात फुटतात आणि जिवावर बेतू शकतं. मजल्याचं जनुक आत दडलेलं असतं याचा पुरावा १९५५ मध्ये मिळाला. फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांना अमेरिकेत अशी एक स्त्री आढळली की जिच्या रक्तात बी दिसत नव्हतं, पण तिने ते अपत्याला दिलेलं होतं. एच आहे की नाही हे पाहायला आजही यूलेक्स या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात.   

ही शिस्तीची गोष्ट आहे, या माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतात. पहिला आक्षेप नशिबाचा आहे : असं रक्त मुंबईत होतं म्हणून सापडलं. डॉ. भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईतलं त्याचं प्रमाण सुमारे ७,६०० जणांत एक असं मांडलं. हिशेब करून पाहा. रोज वीस नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेपुढे असं रक्त साधारण वर्षातून एकदा येणार. म्हणजे १९५२ च्या आधीही ते या शहराच्या टेबलांवर येत असणार, आणि ओ म्हणून नोंदलं जात असणार. ते मुंबईत जास्त का, याचं उत्तर मात्र इथल्या समाजरचनेत आहे. हे लक्षण दिसायला आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं, आणि नात्यात किंवा लहान समाजात लग्नं होत राहिली की तसा योग वाढतो. गिरगावातली खोताची वाडी डोळ्यांपुढे आणा. पाठारे प्रभू दादोबा वामन खोत यांच्या या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरं बांधली. एकाच गल्लीत शेजारी नांदणारे समाज सोयरिकी मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच जमवत आले. अख्ख्या मुंबईची ठेवण अशीच होती. एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी १९४९ मध्ये मुंबईतल्या अशा सहा समाजांच्या रक्तगटांची आणि इतर आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली होती. यावरून कुणी 'अमक्या जातीचं रक्त' असलं काही काढू नये. सगळे गट सगळ्या समाजांत सापडतात, फरक फक्त प्रमाणाचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. निबंधावर सात नावं आहेत आणि त्यांतली चार लंडनची : रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन, विनिफ्रेड वॉटकिन्स. मग परळचं काय? लंडनची मदत मोलाची होती यात वाद नाही. इतके नमुने आणि इतकी प्रतिसीरमं तेव्हा दुसरीकडे क्वचितच होती. पण लंडनला नमुना जायचा तर तो आधी कुणीतरी जपून ठेवावा लागतो, आणि तो जपण्यासाठी आपल्या निकालावर विश्वास असावा लागतो. अध्यापक भारतीयच असतील या देणगीदारांच्या अटीवर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयात हा विश्वास होता, याचं मला फार मोल वाटतं. 'आमचंच चुकलं असेल' असं म्हणून नळी धुऊन टाकणं त्या काळात सगळ्यात सोपं होतं.

तिसरा आक्षेप पैशाचा : हजारांतल्या एकासाठी एवढा खटाटोप का? याचं उत्तर डॉ. भाटियांच्या पुढच्या कामात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केलं. भाटियांनी त्याची धुरा वाहिली, आणि १९८२ मध्ये त्याचं इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत रूपांतर झालं. केईएमच्या आवारातली ही संस्था आज राष्ट्रीय आहे. ज्या नमुन्यांचा निकाल जुळत नाही ते अशा केंद्राकडे येतात, आणि त्यांत बॉम्बे गटाचे थोडेच असतात. थॅलेसिमियाच्या मुलांमध्ये वारंवार रक्त घेतल्याने नवे प्रतिपिंड तयार होतात. आरएच निगेटिव्ह आईच्या पोटातल्या बाळाला तिच्याच प्रतिपिंडांचा धोका असतो. त्यांच्या तपासणीलाही हीच शिस्त लागते. १९७३ मध्ये बदकेरे, जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी 'इंडियन' हा आणखी एक प्रतिजन, म्हणजे ए-बीसारखी पेशीवरची खूण, नोंदवला. पहिला शोध निव्वळ योगायोग असता, तर त्याच शहरातून वीस वर्षांनी दुसरा निघणं अवघड होतं.

बॉम्बे गटाचा माणूस आपल्या तांबड्या पेशी ओ गटाच्या रुग्णाला देऊ शकतो, पण स्वतः रक्त घेऊ शकतो ते फक्त बॉम्बे गटाचंच. म्हणून ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर त्याचंच रक्त आधी काढून साठवतात, आणि दात्यांच्या याद्या हाताशी ठेवतात. ओ लिहिलेल्या रुग्णाचा क्रॉसमॅच, म्हणजे त्याचं सीरम दात्याच्या पेशींशी जुळतं का ही चाचणी, ओच्या एकाही पिशवीशी लागत नसेल, तर एच तपासून घ्यावं आणि नातेवाइकांत सगळ्यात आधी सख्ख्या भावंडांचं रक्त पाहावं. तेच रक्त त्यांच्यात निघण्याची शक्यता प्रत्येकी चारांत एक असते.